जिन्यातल्या लाइटला सेन्सर बसवावा का?

तिलकवाडीकर:
नमस्कार मंडळी, आमची जुनी अपार्टमेंट आहे, जिन्यात 10 ट्यूब, सगळ्या चोकवाल्या, वॉचमन अंधार पडला की लावतो आणि सकाळी कुणाच्या लक्षात येईल तेव्हा बंद होतात. कॉमन मीटरचं हेस्कॉमचं लाइटबिल बघून सगळे सेन्सर बसवा म्हणालेत, पण वरच्या मजल्यावर एक आजी आहेत, गुडघे दुखतात त्यांचे, मध्येच अंधार झाला तर काय करायचं? कुणी बसवून घेतलंय का, सांगा की.

शहापूरचा वायरमन:
दादा, सेन्सरचं नंतर बघू, आधी ट्यूब काढा. 36 वॅटची ट्यूब चोक धरून 50 च्या आसपास खाते, म्हणजे 10 ट्यूब 12 तास चालल्या की रोजचे 6 युनिट, महिन्याला 180. 20 वॅटच्या एलईडी पट्ट्या लावल्या तर तेच 72 वर येतं. निम्म्याहून जास्त काम तिथंच झालं बघा. त्यावर सेन्सर लावायचा तर प्रत्येक वळणावर एक पट्टी रात्रभर चालूच ठेवा, बाकीच्याच सेन्सरवर टाका. आजींसाठी हे करायलाच पाहिजे, चार युनिटसाठी कुणाचं हाड मोडायला नको.

हिंदवाडीची सून:
आमच्यात मायक्रोवेव्हवाले सेन्सर बसवले होते, ते लाकडी दाराच्या आतली हालचालपण पकडतात, त्यामुळं घरात कुणी फिरलं तरी बाहेर लाइट लागायची, बचत कसली. मग पीआयआर घेतले. ते अंगाच्या उष्णतेवर चालतात, समोरून सरळ येणारा माणूस उशिरा दिसतो, आडवा जाणारा लगेच, म्हणून पायरीच्या तोंडासमोर न लावता बाजूच्या भिंतीवर लावा. लाइट चालू राहायची वेळ दोन-तीन मिनिटं ठेवा, तीस सेकंदात म्हातारी माणसं एक मजलापण चढत नाहीत ओ.

अनगोळचा दादा:
पार्किंगला आणि गेटला सेन्सर नको, फोटोसेल लावा, अंधार पडला की आपोआप लागतं, उजाडलं की बंद, वॉचमनवर काही राहत नाही. फक्त त्याच लाइटचा उजेड फोटोसेलवर पडू देऊ नका, नाहीतर रात्रभर चालू-बंद, चालू-बंद. आणि आपल्याकडचा पाऊस माहितीच आहे, बाहेरची फिटिंग आयपी 65 चीच, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारी घ्या, वायर खालून आत घ्या म्हणजे पाणी ओघळून आत जात नाही.

तिलकवाडीकर:
लई उपयोग झाला, सगळ्यांना धन्यवाद. वायरमनदादा, आमच्या स्विचच्या बॉक्समध्ये नुसती फेज (करंटची वायर) आहे, न्यूट्रल (परतीची वायर) नाही, मग सेन्सर तिथं बसतंय का?

शहापूरचा वायरमन:
बॉक्समध्ये नको. दोन वायरवाला सेन्सर बसतो खरा, पण एलईडी बंद असतानापण मिणमिणते, कधी लुकलुकते. वर पट्टीजवळ फेज न्यूट्रल दोन्ही मिळतात, सेन्सर तिथंच घ्या आणि खालचा स्विच कायम चालू ठेवा. वॉचमनला तेवढं नीट सांगून ठेवा, नाहीतर सवयीनं बंद करून जाईल.