डिस्टन्स स्वूप: ११५ चा वेग मिळतो, तरी ७५ मीटरच्या पुढे का जात नाही?

पंखवेडा
कॅनॉपी पायलटिंगच्या (पॅराशूट उघडल्यावर वेगाने वळून जमिनीलगत लांब उडत जायचं, त्यालाच स्वूप म्हणतात) डिस्टन्स राउंडची तयारी करतोय; त्यात गेट म्हणजे सुरुवातीची खूण ओलांडल्यापासूनचं अंतर मोजतात. कॅनॉपी (पॅराशूटचं छत) वेलोसिटी ९६, म्हणजे ९६ चौरस फुटांचं वेलोसिटी मॉडेल, गिअरसकट वजन १९० पौंड, २७० अंशांचा टर्न. फ्लायसाइटवर (वेग नोंदवणारं जीपीएस यंत्र) सर्वाधिक वेग ताशी ११५ किमी दिसतो, गेटवर मात्र ८८. गेट १.५ मीटरच्या खालून नीट पार होतं, पण अंतर ७० ते ७५ मीटरवरच अडकतं. वारा जवळपास शून्य. आता ४५० चा टर्न शिकावा, शिशाचं वजन वाढवावं की सरळ पेट्रासारखी आणखी वेगवान, स्पर्धेची कॅनॉपी घ्यावी?

रिअररायझर
तिन्हीपैकी काहीच नको, आधी एवढं सांगा: जमिनीला समांतर झालात तेव्हा वेग किती होता, आणि तिथून गेट किती लांब होतं?

पंखवेडा
समांतर होताना १०६. व्हिडिओवरून गेट तिथून ३५-४० मीटर पुढे.

रिअररायझर
मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. वेगाचा वर्ग भागिले १९.६ केलं की तो वेग किती मीटर उंचीच्या मोलाचा आहे ते कळतं (वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा). १०६ किमी म्हणजे २९.४, त्याची उंची ४४ मीटर. ८८ किमी म्हणजे २४.४, त्याची ३०. पाय टेकतात त्या वेळी ताशी ३६ च्या आसपास वेग उरतो, त्यात ५ मीटर अडकलेले असतात. उरलेल्याला साधारण २.७ ने गुणा, कारण स्वूपमध्ये कॅनॉपी आणि माणूस मिळून दर मीटर उंचीमागे ढोबळमानाने तेवढंच पुढे जातात. तुमचे ३० वजा ५, गुणिले २.७, झाले ६८ मीटर. १०६ ने गेट पार केलं असतंत तर १०५ झाले असते.

म्हणजे तुमचा स्वूप आत्ताच शंभराच्या वर जातोय, पण मोजमाप सुरू होतं गेटपासून आणि पहिले पस्तीस-चाळीस मीटर तुम्ही गेटच्या अलीकडे खर्च करता. वेगाचा वर्ग होतो, म्हणून गेटवर गमावलेले १८ किमी इतके महाग पडतात.

उपाय म्हणजे टर्न खाली घ्यायचा नाही. सगळे इथेच चुकतात आणि इथेच माणसं मरतात. टर्नची उंची आहे तीच ठेवा आणि टर्न सुरू करायची जागा आडवी, गेटच्या दिशेने सरकवा. एका वेळी १० मीटर, आणि प्रत्येक जागेवर सलग चार-पाच जंप सारखे येईपर्यंत पुढे जायचं नाही. गेट १.५ मीटरच्या वरून गेलं तर राउंड शून्य होईल, होऊ द्या. सरावात एखादं शून्य आलं तर सरकवणं बरोबर चाललंय असं समजा.

लाईनट्रिम
वरचा हिशेब पटला, पण ११५ चा १०६ का झाला तेही पाहा. थोडं नुकसान वळण सोडून आडवं होण्यात होतंच, मात्र रिअर (मागच्या दोरांचे पट्टे, म्हणजे रिअर रायझर) फार ओढावे लागत असतील तर ते खोदून वर येणं, म्हणजे डाइव्हमधून जबरदस्तीने बाहेर पडणं आहे, त्यात वेग जातो. गेटवर खाली जाण्याचा वेग शून्याजवळ हवा आणि रिअरवर ओढ अगदी कमी.

ब्रेक लाईनही तपासा. ३,००० फुटांच्या वर, पूर्ण वेगात, मान वर करून कॅनॉपीची मागची कड बघा. ती सरळ हवी. मग दोन्ही फ्रंट रायझर (पुढच्या दोरांचे पट्टे) पूर्ण खाली घ्या. तरीही ब्रेक लाईनला थोडा झोल राहायला हवा. कडेला खळगा पडला किंवा कॅनॉपी धडधडायला लागली तर लाईन आखूड आहेत, म्हणजे अख्खा डाइव्ह तुम्ही अर्धवट ब्रेक लावून करताय. स्पेक्ट्रा धाग्याच्या लाईन स्लायडरच्या (कॅनॉपी उघडताना लाईनवरून खाली घसरणारं कापड) घर्षणाच्या उष्णतेने आखडतात. व्हेक्ट्रान आणि एचएमए या धाग्यांच्या आखडत नाहीत, त्या झिजून एक दिवस तुटतात. आणि टॉगल (ब्रेक लाईनच्या मुठी) सोडताना दर वेळी हात एकाच बाजूला फिरत असेल तर ब्रेक लाईनला पीळ पडून ती इंचभर सहज कमी होते. दोर बोटांत धरून खालून वर चिमटीत सरकवा, पीळ हाताला लागतो. पॅकिंगच्या आधी रोज काढा.

पंखवेडा
पीळ आहेच, डावीकडे जास्त. गेटनंतर नेमकं काय करायचं? मी जमिनीलगत राहायचा प्रयत्न करतो.

रिअररायझर
लगत राहणं दिसायला छान, पण डिस्टन्समध्ये तोट्याचं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून जास्तीचा वेग जमिनीजवळ उडवून टाकण्यापेक्षा उंचीत साठवायचा. गेटचा सेन्सर ओलांडला की रिअर हलके ओढून वर या. अव्वल पायलट गेटनंतर ठळकपणे वर चढताना दिसतात ते यासाठी. तुमच्या वेगाला सुरुवातीला एक-दीड मीटरच पुरे. जास्त चढलात आणि वेग वरच संपला तर कॅनॉपी स्टॉल होऊन (उचल संपून) पाठीवर आपटाल.

टॉगल हातात अडकवूनच बोटांनी रिअर धरायचे. रिअर ओढले की कॅनॉपीचा मागचा अर्धा भाग एकसंध खाली येतो, टॉगलने फक्त शेपूट वाकते आणि विरोध वाढतो. म्हणून वेग आहे तोवर रिअर. पण रिअरचा स्टॉल अचानक येतो, आणि टॉगलवर कॅनॉपी त्यापेक्षा कमी वेगात तग धरते. म्हणून रिअर मऊ लागायच्या आत टॉगलवर जा. बदलताना रिअर एकदम सोडू नका, कॅनॉपी खाली बसते. टॉगलवर भार घेत घेत रिअर सोडा. हा बदल आणि स्टॉल नेमका कुठे येतो ते आधी ३,००० फुटांच्या वर वीस-पंचवीस वेळा करून हाताला शिकवा.

घनताउंची
दोन गोष्टी राहिल्या. शिसं: १९० वर १० पौंड म्हणजे ५ टक्के. वरच्या हिशेबाने गेटवर ३० चे साडेएकतीस मीटर, अंतरात चार मीटर. सध्या जागा सरकवून तीस मिळणार आहेत. शिवाय स्वूप तळ्यावर करत असाल आणि पाण्यात पडलात तर शिसं खाली खेचतं. पट्टा एका हाताने सुटणारा नसेल तर पाण्यावर नेऊच नका.

हवा: अमेरिकी कॅनॉपी पायलट निक बॅट्श यांचे डिस्टन्समधले २२२.४५ मीटर २०११ मध्ये कोलोरॅडोत, लाँगमाँटला झाले. तिथली जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर वर. विरळ हवेत तीच कॅनॉपी अंदाजे ८ टक्के जास्त खऱ्या वेगाने उडते, म्हणजे ऊर्जा १६ टक्क्यांच्या आसपास जास्त. त्यामुळे दोन ठिकाणचे मीटर एकमेकांशी ताडून निराश होऊ नका. राउंडमध्येही पहिल्याला १०० गुण आणि बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात, तुलना त्याच दिवसाच्या हवेशी असते.

याची उलटी बाजू जास्त महत्त्वाची. विरळ हवेत टर्नमध्ये उंचीही जास्त खर्च होते. सकाळी १८ अंशांना जुळवलेली टर्नची उंची दुपारी ३८ अंशांना कमी पडते. तापमान लिहून ठेवा, गरम दिवशी पहिला जंप ५० फूट वरून सुरू करा, गेट चुकलं तरी चालेल. आणि दुसऱ्याच्या वेलोसिटीची उंची कधीच उसनी घेऊ नका. आकार, वजन आणि लाईनचं वय वेगळं असलं की आकडा बदलतो.

पंखवेडा
ब्रेक लाईनचे पीळ काढले. शनिवारी १० मीटर सरकवून पाच जंप करतो, फ्लायसाइटच्या फाइल इथे टाकतो.

रिअररायझर
फाइलसोबत प्रत्येक जंपचं तापमान आणि गेटच्या आडव्या बाजूने घेतलेला व्हिडिओ हवा. मागून घेतलेल्यात समांतर कुठे झालात ते कळत नाही.