जुन्या कडप्प्याच्या ओट्यावर ग्रॅनाइट टाइल्स, बेस कसा तयार करायचा?

सांगलीची_सून: ओटा जुना आहे, कडप्प्याच्या दोन फरश्या जोडून केलेला, त्यावर १ बाय १ फुटाच्या काळ्या ग्रॅनाइट टाइल्स लावायच्यात. अखंड ग्रॅनाइट घेतला असता पण जिना इतका अरुंद की वळणावर अडकणारच. गवंडी म्हणतो ओटा धुऊन सिमेंटचं पाणी मारतो आणि लावतो. मला पटत नाहीये. गॅसजवळ जिथे जोड आहे तिथे दाबलं की फरशी किंचित हलते पण. काय करू?

बांधकामवाला: ताई, आधी ते हलणं थांबवा, बाकी सगळं नंतर. टाइल जेमतेम १० मिमी जाडीची, खाली जोड हलला की बरोब्बर त्याच रेषेत वर तडा येणार, कितीही भारी माल वापरा. जोडाच्या खाली कडप्प्याचा उभा पाय किंवा विटांचा आधार द्यायला सांगा. मग पॉलिश घालवा, ग्राइंडर फिरवून किंवा छिन्नीने टाचे मारून, पण जपून, कडप्पा पटकन उडतो. गुळगुळीत दगडाला नुसतं सिमेंट धरत नाही, त्यात गॅसजवळ वर्षानुवर्षांचं तेल बसलेलं असतं, ते गरम पाणी आणि सोड्याने घासून काढा आणि पूर्ण वाळू द्या. टाइल अॅडहेसिव्हच (टाइल चिकटवायचा तयार माल) घ्या, बॅगवर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा नंबर बघा आणि दगडाला चालणारा टाइप मागा. दातेरी थापीने सगळीकडे पसरायचं, चार कोपऱ्यांत गोळे ठेवून टाइल दाबायची नाही, मधे पोकळी राहते आणि नारळ आपटला की संपलं. टाइलची मागची बाजूही धुवा, कटिंगची भुकटी चिकटलेली असते.

माईचं_स्वयंपाकघर: उंचीचा विचार केलात का? टाइल आणि अॅडहेसिव्ह धरून दीडेक सेंटिमीटर ओटा वर येतो, सिंकची कड, नळ, गॅसची नळी आधीच बघून घ्या. सिंककडे उतार पण बेसमध्येच काढून घ्या, टाइल लावताना कमीजास्त माल घालून उतार काढतात तेव्हा टाइल्सच्या कडा वरखाली होतात आणि पोळपाट डुगडुगतो. टाइल्सच्या जोडांत इपॉक्सी ग्राउट (फटी भरायचा माल) भरा, साध्या ग्राउटला हळदीचे डाग पडतात.

सांगलीची_सून: खूप आभार दोघांचे. आधी आधाराचं काम करून घेते. सगळं झाल्यावर गॅस लगेच ठेवला तर चालेल का?

बांधकामवाला: नको. टाइल लावल्यावर २४ तास हात लावू नका, मग ग्राउट, आणि त्यानंतरही पाकिटावर जेवढी मुदत लिहिलीय तेवढं थांबा. आणि भिंत आणि ओटा मिळतो त्या कोपऱ्यात ग्राउट नाही, सिलिकॉन भरायला सांगा.