वस्तऱ्याने घरी दाढी करायला शिकायचे आहे: सुरुवात कशापासून करावी?

वाशिष्ठीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी चिपळूणला राहतो आणि आजवर तीन पात्यांच्या कार्ट्रिज रेझरनेच दाढी करत आलो आहे. गळ्यावरचे केस कातडीत वळून तेथे लाल पुळ्या येतात. त्वचारोगतज्ज्ञांनी एकच पाते असलेले साधन वापरून पाहण्यास सुचवल्यामुळे वस्तऱ्याचा विचार मनात आला. योगायोगाने मामांकडे आजोबांच्या वेळचा, मुळाशी 'शेफील्ड' (पोलादी पात्यांसाठी प्रसिद्ध इंग्लंडमधले शहर) असा ठसा असलेला एक वस्तरा निघाला. त्याची मूठ पिवळट पारदर्शक आहे आणि पात्यावर तांबूस डाग आहेत. हाच वस्तरा दुरुस्त करून वापरावा, नवा घ्यावा, की सलूनमध्ये असतो तसा ब्लेड बदलण्याचा उस्तरा घेऊन हात बसवावा, हे ठरत नाही. आमच्या आळीत चाकू-कात्रीला धार लावणारे गृहस्थ येतात. त्यांच्याकडून या वस्तऱ्याला धार लावून घेतली तर चालेल का?

निसणा

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तेथे चूक झाली तर बाकीचे प्रश्नच उरणार नाहीत. धार लावणाऱ्याच्या फिरत्या चाकावर वस्तरा कधीही देऊ नका. चाकावर घासताना पात्याची कड इतकी पातळ असते की ती क्षणात तापते, पोलादाचे पाणी, म्हणजे त्याचा कठीणपणा, उतरते आणि कडेवर निळसर झाक येते. अशी कड पुन्हा कितीही घासली तरी धार धरून ठेवत नाही. वस्तऱ्याची धार सपाट दगडावर, पाण्यासह आणि हातानेच लावतात. त्या वेळी पात्याची कड आणि जाड पाठ ही दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेली असल्यामुळे धारेचा कोन पात्याच्या घडणीनेच ठरतो, आपल्याला तो अंदाजाने धरावा लागत नाही. साधारण हजार ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचे माप; आकडा मोठा तितका दगड बारीक) दगडाने कड घडवतात, मग चार हजार, आठ हजार असे बारीक होत बारा हजारांच्या आसपास शेवट करतात. स्वयंपाकघरातल्या सुरीला पुरणारा दगड यातल्या पहिल्या पायरीपुरताच उपयोगी आहे.

नवशिक्यांची दाढी बिघडते ती बहुतेक वेळा हातामुळे नव्हे, तर बोथट पात्यामुळे. पाते ओढू लागले की माणूस दाब वाढवतो, दाब वाढला की कातडी कापते, आणि मग वस्तरा धोक्याचा असतो असा निष्कर्ष निघतो. म्हणून पहिला वस्तरा जाणकाराने धार लावून, थेट दाढीला तयार अशा स्थितीत मिळेल तेथूनच घ्या. नवीन वस्तऱ्याची कारखान्यातली धार दाढीला पुरेशी असतेच असे नाही. दगडकाम शिकायला बराच काळ लागतो आणि दाढी शिकायलाही लागतो. ही दोन्ही शिक्षणे एकदम सुरू केली, तर दाढी वाईट झाल्यावर दोष धारेचा की हाताचा हे कळायला मार्गच राहत नाही.

आजोबांच्या वस्तऱ्याबद्दल सांगायचे तर डाग कोठे आहेत यावर सारे अवलंबून आहे. पाठीवरचा किंवा पात्याच्या मधला गंज दिसायला वाईट असला तरी निरुपद्रवी असतो. कडेजवळ खड्डे पडले असतील, तर दगडावर घासत गेल्यावर ते खड्डे नेमके धारेत उघडे पडतात. भिंग लावून कडेवर केसासारखी चीर आहे का ते पाहा. चीर असेल तर तो वस्तरा आठवण म्हणून ठेवावा, वापरू नये. मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची, असण्याची शक्यता आहे. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून निघणाऱ्या वायूंनी पाते आतून गंजते, त्यामुळे तो वस्तरा नव्या वस्तऱ्याच्या शेजारी ठेवू नका.

नवीन घेताना पाते इंचाच्या पाच अष्टमांश किंवा सहा अष्टमांश रुंदीचे, म्हणजे सुमारे १६ ते १९ मिलिमीटर असावे आणि त्याचे टोक गोल असावे. चौकोनी टोकाने मिशीच्या कडा सुरेख कोरता येतात हे खरे, पण सुरुवातीला तेच टोक कानाच्या पाळीत आणि नाकपुडीजवळ घुसते.

दर दाढीपूर्वी पाते चामड्याच्या पट्ट्यावर परजावे लागते. पट्टा ताणून धरावा, पाते पूर्ण सपाट टेकवून पाठ पुढे आणि धार मागे राहील असे ओढावे, आणि टोकाला पोहोचल्यावर पाते पाठीवरच उलटावे, धारेवर कदापि नाही. पट्ट्याच्या कॅनव्हासच्या बाजूवर वीस-पंचवीस आणि चामड्यावर पन्नास-साठ फेऱ्या हे चालते प्रमाण आहे. वेगाला काहीच महत्त्व नाही. न्हाव्यांचा सपासप चालणारा हात पाहून तसे करायला गेलात, तर पट्टा चिरला जाईल. म्हणूनच पहिला पट्टा स्वस्तातला घ्यावा.

कात्री-कंगवा

मी व्यवसायाने नाभिक आहे आणि वरील बहुतेक मुद्दे मान्य करूनही थोडे वेगळे मत मांडतो. आमच्या दुकानांतून परजायचा वस्तरा गेला, त्यामागे मुख्य कारण संसर्गाचे आहे. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी हे रोग रक्तातून पसरतात, आणि प्रत्येक गिऱ्हाइकानंतर वस्तरा खात्रीने निर्जंतुक करणे गर्दीच्या दुकानात शक्य नसते. म्हणून आम्ही दुधारी ब्लेड कागदातच लांबीत मोडून त्याचे अर्धे पाते उस्तऱ्यात बसवतो आणि ते गिऱ्हाइकासमोर बदलतो. घरी एकट्याने वापरणाऱ्याला ही अडचण नाही; मात्र जुना वस्तरा पहिल्यांदा वापरण्यापूर्वी साबणाने धुऊन ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावा आणि आपला वस्तरा घरातल्या दुसऱ्या कोणालाही देऊ नये.

ब्लेडच्या उस्तऱ्यात धार आणि पट्टा यांची कटकट नाही, आणि शिकणाऱ्याचा निम्मा खर्च वाचतो. परंतु तो सोपा आहे या समजुतीने घेऊ नका. ते ब्लेड पातळ व हलके असते, त्याचे कोपरे टोकदार असतात आणि कोन जरा चुकला तरी ते माफ करत नाही. आमचा हात दुसऱ्याच्या चेहऱ्यावर बसलेला असतो. स्वतःच्या चेहऱ्यावर आरशात पाहून तो चालवणे आम्हालाही वेगळे शिकावे लागते.

साधन कोणतेही निवडा, पण तयारीत काटकसर करू नका. अंघोळीनंतर दाढी करावी किंवा गरम पाण्याचा टॉवेल दोन-तीन मिनिटे चेहऱ्यावर ठेवावा, आणि डब्यातल्या तयार फोमऐवजी ब्रशने साबणाचा ओलसर, दाट फेस करावा. एका हाताने कातडी ताणून धरावी, पात्याची पाठ गालापासून थोडी उचलून सुमारे तीस अंशांचा कोन ठेवावा आणि छोट्या छोट्या हातांनी खाली यावे. पाते आडवे सरकले की जखम झालीच म्हणून समजा. सुरुवातीला फक्त दोन्ही गाल वस्तऱ्याने करावेत आणि उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने उरकावी. हनुवटी आणि वरचा ओठ सर्वांत शेवटी हाती घ्यावेत.

आपल्या गळ्यावरच्या पुळ्यांसाठी उलटा हात, म्हणजे केसांच्या वाढीविरुद्ध पाते फिरवणे, पूर्ण टाळावा. गळ्यावरचे केस अनेकांचे खालून वर किंवा आडवे वाढतात, त्यामुळे वरून खाली हा सुलटा हात असेलच असे नाही. दोन दिवसांची दाढी वाढू द्या, बोटांनी चाचपून केसांची दिशा कागदावर काढून ठेवा आणि त्याच दिशेने एकदाच पाते फिरवा. गाल गुळगुळीत करण्याचा अट्टहास हेच केस आत वळण्याचे मोठे कारण असते. शेवटी गार पाणी आणि ओली तुरटी पुरे. पुळ्यांत पू असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा मधुमेहामुळे जखमा लवकर भरत नसतील, तर हा नाद डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

ऱ्हाइनकाठ

मी ड्यूसेलडॉर्फमध्ये राहतो. चाकू-वस्तऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले झोलिंगेन येथून जवळच आहे. जर्मनीत या गावाच्या नावाला १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे आणि निर्मितीचे महत्त्वाचे टप्पे त्या परिसरात झाल्याशिवाय पात्यावर ते नाव घालता येत नाही. तरीही ऑनलाइन बाजारात हा ठसा मारलेले संशयास्पद वस्तरे पुष्कळ दिसतात, म्हणून ठशाबरोबर निर्मात्याचेही नाव आहे का ते पाहावे. प्रश्नकर्त्यांनी शेफील्डच्या ठशावरून लगेच हुरळून जाऊ नये, पण तो टाकूनही देऊ नये; तेथील जुने वस्तरे बहुधा जाड, पाचरीसारख्या छेदाचे असतात आणि राठ दाढीवर उत्तम चालतात. त्यांना दगडावर वेळ मात्र जास्त द्यावा लागतो.

वाशिष्ठीकाठ

सर्वांचे आभार. भिंगातून पाहिले, कडेजवळ दोन ठिकाणी खड्डे आहेत, त्यामुळे आजोबांचा वस्तरा बाजूला ठेवून गोल टोकाचा नवा घेण्याचे ठरवले आहे. आता फक्त एवढेच विचारतो की आमच्याकडच्या पावसाळ्यात तो गंजू नये म्हणून काय करावे, आणि प्रवासात तो बरोबर नेता येईल का?

निसणा

कार्बन पोलादाचा वस्तरा ओला असताना मुठीत मिटून ठेवला की चिपळूणच्या हवेत एका रात्रीत ठिपके येऊ शकतात. दाढी झाल्यावर पाते पाठीकडून धारेकडे पुसावे, मुठीच्या फटीतही मऊ कागद फिरवावा, कोरड्या पट्ट्यावर पाच-सहा फेऱ्या माराव्यात आणि पात्याला खनिज तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. खोबरेल तेल कालांतराने खवट व चिकट होते, ते नको. वस्तरा न्हाणीघरात ठेवू नये. कपाटात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा, पण चामड्याच्या बंद म्यानात नको, कारण चामडे ओल धरते. पावसाळ्यात पट्ट्यालाही बुरशी येते, म्हणून तो मोकळ्या हवेत टांगावा. एवढी देखभाल नको असेल, तर स्टेनलेस पोलादाचा वस्तरा घ्या. तोही गंजूच शकत नाही असे नाही, पण बराच सोशिक असतो आणि दगडावर थोडा अधिक वेळ मागतो. विमानप्रवासात वस्तरा हातातल्या सामानात नेता येत नाही, तो चेक-इन सामानातच नीट गुंडाळून ठेवावा लागतो. घाईच्या प्रवासात मी स्वतः साधा सेफ्टी रेझर नेतो. त्यातही पाते एकच असते, त्यामुळे तुमच्या गळ्यालाही तो चालावा. फक्त त्याची सुटी ब्लेडसुद्धा चेक-इन सामानातच ठेवा.