मदत हवी आहे: पऱ्हाटीपासून केलेलं एमसीसी वाळवताना खडे होतात

नमस्कार. मी एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर यवतमाळ जिल्ह्यात, शेती कापसाची. वेचणी संपली की बोंडअळीच्या धास्तीने पऱ्हाटी उपटायची, थोडी चुलीला ठेवायची आणि बाकीची धुऱ्यावर पेटवून द्यायची, हे लहानपणापासून बघत आले. म्हणून प्रबंधाला हाच विषय हट्टाने घेतला: पऱ्हाटीपासून (कापसाच्या वाळलेल्या झाडांपासून) मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज (एमसीसी), म्हणजे गोळीत भर घालणारी आणि तिला बांधून ठेवणारी पांढरी पूड.

काड्यांचे तुकडे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळले, सोडियम क्लोराइटने ब्लीच केलं, मग 17.5 टक्के कॉस्टिक देऊन अल्फा सेल्युलोज काढलं आणि शेवटी 2.5 नॉर्मल हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये 15 मिनिटं उकळलं. झिंक क्लोराइड-आयोडीन टाकल्यावर निळा-जांभळा रंग, म्हणजे सेल्युलोजची खूण, आला तेव्हा घरी फोन करून सांगितलं होतं.

अडतंय ते वाळवताना. ओला लगदा चक्क्यासारखा मऊ आणि पांढराशुभ्र असतो. ओव्हनमध्ये 80 अंशांवर रात्रभर ठेवला की सकाळी पिवळट खडे, नखाने ओरखडासुद्धा उठत नाही. दळून 60 नंबरच्या चाळणीतून काढलं तरी पूड रव्यासारखी रखरखीत. गोळी पाडली तर कडा झडतात, बोटांत दाबली की दोन तुकडे. त्याच मशीनवर, त्याच दाबाने अॅव्हिसेल पीएच 101 ची (बाजारातल्या तयार एमसीसीची) गोळी मात्र टणक येते. आमच्याकडे स्प्रे ड्रायर नाही. काय करू?

शिवाय पूड जाळल्यावर उरणारी राख 0.6 टक्के येते, मर्यादा 0.1 ची आहे. डिस्टिल्ड वॉटर मोजून मिळतं, त्यामुळे धुवायला बोअरचं पाणी वापरते.

उत्तर:

ताई, तुमचं सेल्युलोज बिघडलेलं नाही, वाळवण्याची रीत बदला. पाणी सावकाश निघून जाताना तंतू एकमेकांना खेटतात, हायड्रोजन बंधांनी चिकटतात आणि आतली छिद्रं मिटतात. असे मिटलेले कण दाबाखाली चपटे होत नाहीत, मग गोळी बांधणार कशी? कारखान्यात स्प्रे ड्रायरने पातळ लगदा गरम हवेत फवारतात, थेंब क्षणात सुकतो. तुम्ही पाण्याच्या जागी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा: लगदा त्यात कालवा, गाळा, असं तीनदा. मग ट्रेवर पातळ पसरून फ्यूम हूडमध्ये अल्कोहोलचा वास पूर्ण जाईपर्यंत ठेवा आणि त्यानंतरच 50-60 अंशांवर वाळवा. जवळ बर्नर किंवा हॉट प्लेट अजिबात नको.

राखेचं म्हणाल तर अॅसिडने काढलेलं कॅल्शियम तुम्ही बोअरच्या पाण्याने परत घालताय. पहिल्या धुण्याला ते चालेल, अॅसिडनंतर मात्र फक्त डिस्टिल्ड. काड्यांची साल आधी सोलता का? माती तिलाच चिकटलेली असते.

धागाकर्ती:

साल सोलली नव्हती, सगळं एकत्रच उकळलं. आयसोप्रोपिल अल्कोहोल लॅबमध्ये आहे. उद्या 20 ग्रॅमवर करून बघते आणि गोळीचा हार्डनेस इथेच लिहिते. खूप आभार, दादा.