१८९७ चं पुणं, प्लेग, बजेट १५ हजार. कपडे आणि सेटसाठी मदत हवीये

नवीन नेपथ्यवाली
नमस्कार मंडळी, आमच्या कॉलेजची एकांकिका आहे, पुण्यात प्लेग चालू आहे आणि गोरे सोल्जर घरं तपासत फिरतायत, सगळं एका ब्राह्मणाच्या वाड्यात माजघरात घडतं. नेपथ्य आणि वेशभूषा दोन्ही माझ्याकडे, आणि स्पर्धेत सेट लावायला फक्त १० मिनिटं. कपडे भाड्याने देणाऱ्या ड्रेपरीवाल्याने आजीला (विधवा आहे) पांढरी साडी आणि सोल्जरांना लाल कोट काढून दिलेत. दिग्दर्शक म्हणतो चालतंय, लोकांना पटकन कळतं. मला मात्र ते खटकतंय. आणि वाडा कसा दाखवू? फ्लॅट (चौकटीवर कापड ताणून केलेल्या खोट्या भिंती) न्यायचे तर टेंपोचं भाडंच परवडत नाही.

कपडेपट
ताई, खटकतंय ते बरोबरच आहे, दोन्ही परत कर. पांढरी साडी सिनेमातून डोक्यात बसलीये. त्या काळी पुण्यातल्या ब्राह्मण घरातली सोवळी बाई, म्हणजे केस काढलेली विधवा, आलवण नेसायची, तांबडं सुती लुगडं, अंगात चोळी नाही आणि पदर डोक्यावरून घट्ट. भाड्याने मिळायचं नाही, स्वतः कर. मांजरपाट आण, ९ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, आधी गरम पाण्यात धुऊन खळ (कापडाची कांजी) पूर्ण काढ आणि मगच रंगव, खळ राहिली की रंग डागाडागांनी बसतो, आमचं एक अख्खं लुगडं त्यात गेलंय. लाल झालं की चहाच्या पाण्यातून काढ म्हणजे भडकपणा उतरेल. आत त्याच कापडाची बिनबाह्यांची बंडी शिव, पदराखाली दिसत नाही आणि मुलीलाही अवघडल्यासारखं होत नाही. टकलाचा विग नको, पदर कपाळापर्यंत ओढला की झालं.

सुनेला खणाची चोळी आणि सुती नऊवारी, पण शिवलेली रेडीमेड घेऊ नकोस, उठता बसता ती विजारीसारखी दिसते. तालमीला रोज नेसायला लाव, चालणंच बदलतं बघ.

आणि दिग्दर्शकाला सांग, भारतीय माणसाला पहिलं ऑस्कर मिळालं ते कपड्यांसाठीच, आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्यांना, १९८३ साली.

स्पॉट नंबर ४
सोल्जर खाकीत घे. हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणी तोवर कामावर खाकीच घालायच्या, पुण्यात झडतीला डरहॅम लाइट इन्फन्ट्रीचे लोक होते. खाकी ड्रिलचं कापड स्वस्त मिळतं. प्रकाशयोजनावाल्याला आत्ताच सांगून ठेव की आजी लाल कपड्यात आहे, रात्रीच्या सीनला नुसता निळा टाकला तर ते आलवण काळं दिसेल, थोडा अंबर (पिवळसर केशरी प्रकाश) मिसळायला लाव.

लेव्हल आणि झालर
वाडा बांधूच नको. मागे काळे पडदे असतातच, एक जुनी लाकडी चौकट उभी कर, एक जातं, एक कंदील, खाली शेणाने सारवल्याच्या रंगाचं गोणपाट, बास. सगळं रिक्षात मावतं, जातं थर्माकोलचं कर. आणि एक सुचवतो, झडती झाली की घरं चुन्याने धुवून काढायचे. चौकटीशेजारी गेरू रंगाचं कापड टांग आणि त्यावर पांढरं कापड गुंडाळून ठेव. झडती संपली की सोल्जर दोरी ओढतो, पांढरं खाली पडतं, भिंत पांढरी. तेवढ्यात घर परकं झालेलं दिसतं, आणि त्या पांढऱ्यासमोर लाल आलवणातली आजी एकटी बसलेली. हे मला स्वतःला बघायला आवडेल.

नवीन नेपथ्यवाली
अंगावर काटा आला वाचून! दिग्दर्शकाला दाखवलं, लाल कोट उद्याच परत करतोय. चौकट किती उंच ठेवू?

लेव्हल आणि झालर
सगळ्यात उंच सोल्जरच्या खांद्याइतकी. आत यायला त्याला वाकायला लागलं पाहिजे. आणि चौकटीला मागून तिरक्या पट्ट्या ठोकून खाली वाळूच्या पिशव्या ठेव, त्याचा धक्का लागणारच आहे.