पंधरा तारखेला मुंबईत कोण कोण आहे?

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, १५ जानेवारी २०२६ला महापालिकेचं मतदान आहे. कमिटीने ठरवलंय, मत न देणाऱ्यांची नावं नोटीस बोर्डावर लावायची. शाईच्या बोटाचा फोटो ग्रुपवर टाकावा.

बी-५०४: सर बुधवारी संक्रांत, गुरुवारी सुट्टी, शुक्रवारी एक रजा टाकली की थेट सोमवार. गणपतीपुळ्याचं बुकिंग झालंय, रिफंड नाही. लावा बोर्डावर 😀

ए-१०१: अहो २०१७ नंतर आत्ता होतेय निवडणूक, मार्च २०२२ पासून नगरसेवकच नाहीत, सगळं प्रशासकाकडे, तुंबलेलं गटार घेऊन कुणाच्या दारात जायचं तेच कळत नव्हतं आणि तुम्ही चाललात पुळ्याला

बी-५०४: काकू माझ्या एका मताने काय होणारे

सी-२०३: दादा आपण मुंबई नॉर्थ वेस्ट मतदारसंघात राहतो हं. २०२४ला लोकसभेला इथेच वायकर ४८ मतांनी आले. आपल्या एका विंगमध्ये ४८ फ्लॅट आहेत. तेव्हाही सोमवार जोडून आलेला, पार्किंग अर्धं रिकामं

बी-७०१: असे ४८ कितीदा होतात पण? ज्याला उमेदवाराचं नावही माहीत नाही त्याने फोटोसाठी जाऊन बटण दाबायचं, त्यापेक्षा घरी बसलेला बरा. आणि सक्ती कसली करताय, गुजरातने केला होता तसा कायदा स्थानिक निवडणुकांना, हायकोर्टाने २०१५ला स्थगिती दिली

ए-१०१: माहीत नाही तर करून घ्या की. अ‍ॅफिडेव्हिटमध्ये केसेस, प्रॉपर्टी सगळं असतं. लिफ्टच्या मेंटेनन्सला तीन-तीन कोटेशनं मागवता ना? कोणीच नको तर नोटा दाबा, पण ते पुळ्याहून दाबता येत नाही

ए-३०२: बोर्डावर नावं लावायचीच तर पहिलं माझं लावा. नोव्हेंबर २०२४, विधानसभा. आपला रात्रीचा वॉचमन मत द्यायला जालन्याकडे गावी गेलेला, रात्रभर एसटीत, सकाळी रांगेत, रात्री परत एसटी. गेट उघडताना मला बोट दाखवलं त्याने, खूश होता. आणि आपण त्या महिन्याच्या बिलातून दोन दिवस कापले, एजन्सीने ते त्याच्या पगारातून. मतदानाच्या दिवसाचा पगार कापता येत नाही, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १३५ बी बघा. चेकवर माझी सही होती

सेक्रेटरी: एजन्सीचा विषय वेगळा आहे

ए-१०१: वेगळा कसा हो

बी-७०१: हे मात्र खरं बोललात काका

खजिनदार: जुनं बिल काढतो. एक दिवसाचे कायद्याने, दुसऱ्या दिवसाचे आपल्याकडून असं करू का?

सी-२०३: यावेळी देणारे का तो मत?

ए-३०२: नाही. नाव गावच्या यादीत. अकरा वर्षं इथलं गेट उघडतोय

सेक्रेटरी: बोर्डाचा मेसेज डिलीट करतोय. मतदान मात्र करा सर्वांनी 🙏

बी-५०४: साडेसातला मतदान सुरू होतं ना, पहिल्या नंबरात देऊन निघालो तर पुळ्याला कितीपर्यंत पोचू?

सी-२०३: संध्याकाळपर्यंत, माणगावला अडकला नाहीत तर