हौमियाचे वस्तुमान त्याच्या चंद्रांवरून कसे काढतात?

निशाचर:
नेपच्यूनपलीकडच्या कायपर पट्ट्यातील हौमिया या बटुग्रहाचे वस्तुमान प्लूटोच्या सुमारे एक तृतीयांश असल्याचे वाचले. तेथे एकही यान गेलेले नसताना हा आकडा कशाच्या आधारे काढला जातो? हिइआका आणि नामाका या त्याच्या चंद्रांचा त्याच्याशी काही संबंध आहे का?

कक्षा:
संबंध आहे, किंबहुना सारा हिशेब चंद्रांवरच उभा आहे. हे दोन्ही चंद्र २००५ साली हवाईतील केक दुर्बिणीतून सापडले. आकाशात हिइआका हौमियापासून फार तर दीड विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) दूर दिसतो, त्यामुळे वातावरणाच्या थरथरीने पसरलेली प्रतिमा लेसरने निर्माण केलेल्या कृत्रिम ताऱ्याच्या आधारे सावरून घ्यावी लागली. पुढच्या वेधांतून त्याचे अंतर सुमारे ४९,९०० किलोमीटर आणि प्रदक्षिणाकाळ सुमारे ४९.५ दिवस ठरला. आपला चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवरून २७.३ दिवसांत एक प्रदक्षिणा करतो. या अंतरांच्या गुणोत्तराचा घन करून त्याला प्रदक्षिणाकाळांच्या गुणोत्तराच्या वर्गाने भागले, की हौमियाचे वस्तुमान पृथ्वीच्या साधारण दीड हजाराव्या भागाएवढे येते. कागदावर अवश्य करून पाहावे.

ध्रुवमत्स्य:
वरील गणित हिइआकापुरते चालते; नामाका मात्र इतका सरळ नाही. तो सुमारे १८ दिवसांत प्रदक्षिणा करतो, त्याची कक्षा हिइआकाच्या कक्षेशी सुमारे १३ अंशांनी कललेली आहे, आणि चार तासांहून कमी वेळात स्वतःभोवती गरगर फिरून लांबट झालेल्या हौमियाचे गुरुत्वाकर्षण गोलासारखे नसल्याने ती कक्षा सतत सरकत राहते. ही डोकेदुखी उपयोगीही पडते, कारण नामाकाच्या मार्गातील विचलनांत हिइआकाच्या ओढीचाही वाटा असतो आणि त्यावरून हिइआकाच्या वस्तुमानाचा अंदाज बांधता येतो.

निशाचर:
आभारी आहे. मग हे चंद्र टकरीतून निर्माण झाले असे मानावे का?

कक्षा:
तो जुना आणि अजूनही वजनदार तर्क आहे. हौमियासारखाच पाण्याच्या बर्फाचा पृष्ठभाग असलेले आणि मिळत्याजुळत्या कक्षांतून सूर्याभोवती फिरणारे अनेक लहान पिंड सापडले असून, ते एकाच घटनेत सुटलेले तुकडे असावेत. अडचण अशी, की भीषण टकरीनंतर ते जितक्या वेगाने विखुरायला हवे होते, त्या मानाने त्यांचे परस्परवेग फारच कमी आहेत. म्हणून अतिवेगाने फिरताना हौमियाचाच काही भाग सुटून निघाला असावा, असाही विचार मांडला गेला आहे. माझा कल याच बाजूला आहे, पण नामाकाच्या कक्षेचा तो १३ अंशांचा कल कसा निर्माण झाला, हेही त्या तर्काला सांगावे लागेल.